रोग्याला विचारलं का?

आज मी आपल्याशी वैद्यकातल्या नीतीविषयी चार शब्द बोलणार आहे. मी वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. जालन्याच्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारा मी एक साधा अध्यापक आहे. नीतिशास्त्राचा पेपर मी वर्षानुवर्षं शिकवत आलो. पण या विषयाचा खरा धडा मला एका दवाखान्याच्या बाकावर मिळाला. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

गेल्या पावसाळ्यात एका आजारी नातेवाइकाला भेटायला मी गेलो होतो. बाहेरच्या बाकावर घनसावंगी तालुक्यातलं एक जोडपं बसलेलं होतं. बाईंचं ऑपरेशन ठरलेलं. नवऱ्याच्या हातात एक छापील कागद, तोही इंग्रजीतला. मला पाहून तो म्हणाला, "गुरुजी, एवढं वाचून सांगा की. सही करा म्हणायलेत." मी चष्मा लावला आणि समजावून सांगू लागलो. भूल कशी देतील, धोका कोणता संभवतो, रक्त लागलं तर काय करतील, वगैरे. मी नवऱ्याकडे पाहून बोलत होतो आणि तो मान डोलवत होता. दोन-तीन मिनिटं अशी गेली असतील. तेवढ्यात शेजारी बसलेल्या त्या बाई हळूच म्हणाल्या, "मलाबी सांगा की. पोट तर माझं फाडायलेत."

श्रोतेहो, मी ओशाळलो. वर्गात मी तासन्‌तास माणसाच्या प्रतिष्ठेवर बोलतो. आणि ज्या बाईंच्या देहावर शस्त्र चालायचं होतं त्यांच्याकडे माझं साधं लक्षही गेलं नव्हतं. डॉक्टरांनी कागद नवऱ्याकडे दिला होता, नवऱ्याने तो माझ्याकडे दिला, आणि आम्ही तिघे शहाणे पुरुष मिळून त्या बाईंना विसरलो होतो. आजचं माझं सगळं भाषण म्हणजे त्या बाईंच्या एका वाक्याचा विस्तार आहे, असं समजा ना!

आता नीती म्हणजे काय? नीती म्हटली की आपल्याला शाळेच्या फळ्यावरचे सुविचार आठवतात. खोटं बोलू नये, कुणाला दुखवू नये, गरजवंताला मदत करावी. हे सर्वांनाच ठाऊक आहे. पेच पडतो तो दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हा. खरं सांगावं तर माणूस खचतो, न सांगावं तर त्याची फसवणूक होते. अशा वेळी फळ्यावरचा सुविचार कामाला येत नाही. तिथे विचार करावा लागतो. या विचार करण्यालाच आपण नीतिविचार म्हणू.

वैद्यकातल्या अशा पेचांसाठी टॉम बोचँप आणि जेम्स चिल्ड्रेस या दोन अमेरिकी विद्वानांनी १९७९ साली एक ग्रंथ लिहिला आणि त्यात चार तत्त्वं मांडली. जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ती आज शिकवली जातात. आपल्या भाषेत ती अशी सांगता येतील. पहिलं, रोग्याचं भलं करावं. दुसरं, त्याला अपाय करू नये. तिसरं, त्याच्या देहाविषयीचा निर्णय त्याचा आहे हे मानावं. आणि चौथं, गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष असा भेद न करता न्यायाने वागावं. आपल्याकडे काळ्या जमिनीत चार बैलांचा नांगर चाले. त्यातला एक बैल जरी अडून बसला तरी तास वाकडं जाई. या चार तत्त्वांचं तसंच आहे. आणि आपल्याकडे अडून बसतो तो बहुधा तिसरा बैल. भलं करायला पुष्कळ जण तयार असतात. विचारायचं मात्र राहून जातं.

हे नुसतं तत्त्वज्ञान वाटू नये म्हणून आपल्या दारातलंच एक उदाहरण घेऊ.

दसरा-दिवाळीच्या सुमारास शेजारच्या बीड जिल्ह्यातून, आणि आपल्या जिल्ह्याच्या कितीतरी गावांतूनही, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला त्या धंद्यात 'कोयता' म्हणतात. माणसं दोन आणि नाव हत्याराचं! मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस कामावर गेलं नाही की तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटे फडात शिरायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. राहायला कोपी. न्हाणी नाही, संडास नाही, पाणी दुरून आणायचं. अशा जागी मासिक पाळीचे चार दिवस बाईने कसे काढायचे? त्यातून अंगावर पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, जंतुसंसर्ग होतो. मग एखाद्या मोकळ्या दिवशी ती दवाखान्यात जाते.

यातूनच काय घडत गेलं ते २०१९ साली साऱ्या महाराष्ट्रासमोर आलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात आहेत, अशी ओरड झाली. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने चौकशी समिती नेमली. त्या वेळी ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरांत सुमारे सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ या वयाच्या बायकांत हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे. दोन्ही पाहण्या वेगळ्या, तेव्हा तंतोतंत तुलना करू नये हे खरं. तरी अंतर इतकं मोठं आहे की त्याकडे डोळेझाक करता येत नाही.

माझ्या आजोळच्या नात्यातल्या एक मामी याच वाटेने गेल्या. तेव्हा त्यांना पुरती चौतीस वर्षंही झाली नव्हती. पुढे एकदा बोलता बोलता मी विचारलं, "मामी, ऑपरेशनच्या आधी तुम्हाला डॉक्टरांनी काय विचारलं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "इचारलं कुटं, रं? सांगितलं. पिशवी खराब झाली, काढली न्हाई तर क्यान्सर व्हईल म्हणले. मंग मामा म्हणले, काढून टाका." विचारणं आणि सांगणं यांतला भेद इतक्या नेमकेपणाने मला कोणत्याही ग्रंथात सापडला नव्हता.

आता हे प्रकरण आपल्या चार तत्त्वांवर घासून पाहू. पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया मुळात वाईट आहे असं कुणीही समजू नये. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, काही केल्या रक्तस्राव थांबत नसेल, तर तीच शस्त्रक्रिया बाईचा जीव वाचवते. परंतु साधा जंतुसंसर्ग कित्येकदा गोळ्या-औषधांनी बरा होतो. तिथे एकदम शस्त्र उचललं तर 'भलं करणं' हे तत्त्व मोडलं. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर बाईची पाळी वयाआधीच कायमची जाते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणजे 'अपाय करू नये' हेही मोडलं. ज्या बाईला हे कुणी समजावूनच दिलं नाही, तिच्या बाबतीत तिसरं तत्त्व मोडलं. आणि हे सारं गरीब, कर्जात अडकलेल्या, परगावी राबणाऱ्या बायकांच्याच वाट्याला अधिक आलं, तेव्हा न्यायही राहिला नाही.

इथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. कुणी म्हणेल, "अहो, काही बायका आपण होऊनच म्हणतात, काढून टाका एकदाची कटकट! त्यांनी तर अंगठा दिलेला असतो. मग दोष कुणाचा?" हे खरं आहे. पण श्रोतेहो, जिच्यासमोर एका बाजूला खाड्याचा दंड आणि दुसऱ्या बाजूला शस्त्र एवढ्या दोनच वाटा ठेवल्या, तिच्या 'हो'ला आपण मोकळ्या मनाचा होकार म्हणायचं का? फडाजवळ पाणी असतं, आडोसा असता, पाळीच्या दिवसांत बिनदंडाची एक सुट्टी असती, तर ती 'हो' म्हणाली असती का? हा प्रश्न डॉक्टरांना तर विचारायचाच. पण मुकादमाला, कारखान्याला आणि आपण जो गोड चहा पितो त्या आपल्यालाही विचारायला हवा. रोग्याची संमती दवाखान्याच्या दारात सुरू होत नाही. तिची मुळं फडात, घरात, शाळेत असतात.

याच प्रकारच्या तक्रारी बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातूनही आल्या होत्या. त्यांचा विचार करून ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला, की अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेले नियम तीन महिन्यांच्या आत लागू करावेत.

आता काही मंडळी म्हणतात की रोग्याला विचारण्याची ही रीत साहेबांच्या देशातली. आपल्याकडे वैद्य सांगेल तो शब्द प्रमाण. हे मात्र अर्धवट माहितीचं बोलणं आहे. सुश्रुतसंहितेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचं प्रकरण आहे. सुश्रुत तिथे वैद्याला बजावतो, की शस्त्रक्रिया केली नाही तर मरण निश्चित आहे, केली तर जगण्या-मरण्याचा संशय आहे. म्हणून धन्याची परवानगी घेऊनच शस्त्र हाती धरावं. किती नेमका विचार आहे पाहा! काही केलं नाही तर काय होईल, केलं तर काय होईल, आणि कुणाला विचारून करायचं, हे तीनही प्रश्न त्यात आले. एवढंच, की त्या काळी माणसाचा धनी म्हणजे राजा किंवा मालक होता. आज आपण प्रजासत्ताकाचे नागरिक आहोत. आज ज्याचा देह, तोच त्याचा धनी. सुश्रुताचा नियम आपण मोडीत काढलेला नाही. धनी तेवढा बदलला.

आणि आपल्या न्यायालयानेही नेमकं हेच सांगितलं आहे. दिल्लीतल्या एका खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला. एक चव्वेचाळीस वर्षांच्या बाई तपासणीसाठी गेल्या होत्या. दुर्बिणीतून पोट तपासण्यापुरती भूल घेण्यास त्यांनी संमती दिली. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या वृद्ध आईची संमती घेऊन त्यांची पिशवी आणि बीजकोश काढून टाकण्यात आले. न्यायालय म्हणालं, हे गैर आहे. रोगी सज्ञान होती, थोड्या वेळात शुद्धीवर येणार होती, जीव जाण्याची वेळ आलेली नव्हती. अशा स्थितीत आईची संमती ही तिची संमती होऊ शकत नाही. तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. श्रोतेहो, जन्मदात्या आईची संमती जिथे चालत नाही, तिथे नवऱ्याची, दिराची किंवा गावच्या पाटलाची कशी चालेल?

मग प्रत्येक वेळी विचारलंच पाहिजे का? अपवाद नाहीत का? आहेत. रस्त्यावर अपघात झाला, माणूस बेशुद्ध आहे, रक्त वाहतं आहे. तिथे नातेवाईक शोधत बसायचं नसतं. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की जखमीचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य; पोलिसांचे सोपस्कार मागाहून. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांनी ठरवायचं असतं. आणि साथीचा रोग पसरला तर एकाच्या मर्जीसाठी सगळ्या गावाचा जीव धोक्यात घालता येत नाही.

पण तिथेही रीत असतेच. १८९७ सालचा पुण्याचा प्लेग आठवा. साथ आवरणं जरुरीचं होतं यात शंका नाही. परंतु रँडसाहेबाच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, बायाबापड्यांची अब्रू पाहिली नाही, आणि माणसं उचलून नेली. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. याच साथीच्या वेळी मुंबईत डॉक्टर हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. याच साथीत पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या, दवाखान्यात पोचवत होत्या. तो रोग त्यांना जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं देहावसान झालं. साथ तीच. एकीकडे बंदुकीचा धाक, दुसरीकडे स्वतःचा जीव पणाला लावून मिळवलेला विश्वास. सक्ती करावी लागली तरी माणसाचा मान राखून करता येते, एवढंच मला यातून दाखवायचं आहे.

इथपर्यंत मी डॉक्टरांविषयी, मुकादमांविषयी, साहेबांविषयी बोललो. दुसऱ्याचे दोष सांगणं सोपं असतं. आता जरा माझ्या स्वतःच्या घरात येतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, अंबड तालुक्यातले शेतकरी. मोसंबीची बाग त्यांनी पोटच्या पोराप्रमाणे वाढवली होती. एका उन्हाळ्यात त्यांना घास गिळताना त्रास होऊ लागला. तपासणी झाली. डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांना बाजूला बोलावून सांगितलं, अन्ननलिकेचा कर्करोग आहे, आणि पुष्कळ पुढे गेलेला आहे. अण्णा बाहेर बाकावर बसले होते. आम्ही दोघांनी तिथल्या तिथे ठरवलं, अण्णांना सांगायचं नाही. डॉक्टरांनाही तशी गळ घातली. बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, "काय म्हणले रे?" मी म्हणालो, "काही नाही अण्णा, अल्सर आहे. शेक द्यावे लागतील."

पाच महिने आम्ही ते नाटक केलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातच ताकीद द्यायची, रिपोर्ट कपाटात कुलपात ठेवायचे. अण्णांची एक धाकटी बहीण, आमची आत्या, जाफराबादकडे दिलेली. बांधाच्या एका भांडणावरून बहीण-भावांत बारा वर्षं बोलणं नव्हतं. आजारात अण्णा अधूनमधून म्हणत, "बरं वाटलं म्हणजे एकदा ताराकडं जाऊन येईन. लई दिवस झाले." आम्ही म्हणत असू, "हो अण्णा, बरे व्हा, मग जाऊ." एका रात्री मी एकटाच उशाशी होतो. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ते मला कौतुकाने मास्तर म्हणायचे. "मास्तर, खरं सांग. मी बरा व्हईन का?" मी म्हणालो, "होणार की, अण्णा." त्यांनी माझा हात हळूच थोपटला आणि कूस बदलली. आज मला वाटतं, त्यांना सगळं कळलं होतं. आणि मला त्रास होऊ नये म्हणून ते गप्प बसले.

आत्या आल्या त्या अंत्यविधीला. रडून रडून थकल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, "अरे, मला कळवलं असतं तर मी पायी आले असते. त्याला तरी सांगायचं होतं, म्हणजे त्यानं बोलावलं असतं."

आम्ही अण्णांवर प्रेमच केलं होतं. त्यांना दुःख होऊ नये एवढीच आमची इच्छा होती. पण त्यांचे शेवटचे पाच महिने आम्ही त्यांच्या हातातून काढून घेतले. वेळ थोडा आहे हे त्यांना ठाऊक असतं तर तो कसा खर्चायचा हे त्यांनी ठरवलं असतं. मामींना न विचारता ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्यावर मी रागावलो होतो. मग मी तरी वेगळं काय केलं?

कुणी विचारील, मग प्रत्येक रोग्याच्या तोंडावर जाऊन सांगायचं का, की तू आता वाचत नाहीस? नाही. तसं करणं क्रूरपणाचं होईल. चरकसंहितेत शिष्याला दिलेल्या उपदेशात एक सूचना आहे, की रोग्याचा अंत जवळ आला आहे हे कळलं तरी, जिथे ते सांगितल्याने रोग्याला किंवा इतरांना धक्का बसेल, तिथे ते सांगू नये. या सूचनेत केवढी कळकळ आहे! पण धक्का बसेल की नाही, हे ठरवायचं कसं? आम्ही अण्णांच्या वतीने ते ठरवून टाकलं. वास्तविक एक सोपी वाट होती. अण्णांनाच विचारायचं. "अण्णा, दुखणं मोठं आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तुम्हाला ऐकायचं आहे का? की आम्हीच काय ते बघू?" काही माणसं म्हणतात, मला काही सांगू नका, तुम्हीच पाहा. तोही त्यांचा निर्णय; त्याचाही मान ठेवावा. काही म्हणतात, सगळं सांग. चरकाची करुणा आणि आजच्या काळाचा नियम यांत मग भांडणच उरत नाही. दोघांची गाठ पडते ती विचारण्यापाशी.

आज तर कायद्यानेही यासाठी वाट करून दिली आहे. पुढे बोलण्याच्या अवस्थेत नसलो तर मला यंत्रांवर जिवंत ठेवावं की नाही, हे सज्ञान माणूस शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी याला मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तो कागद करता येतो. शेताच्या वाटण्या आपण लिहून ठेवतो. मग हे का नको?

डॉक्टर मंडळींविषयी दोन शब्द बोलणं न्यायाचं होईल. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर सकाळपासून रांग उपसत असतो. प्रत्येकाशी बसून बोलायला त्याला उसंत नसते. शिवाय आपणच म्हणतो, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच देव, तुम्हाला योग्य वाटेल ते करा." आणि काही बिनसलं की त्याच देवाच्या काचा फोडायला निघतो. ज्याला आपण काही विचारलंच नाही, त्याच्यावर सगळा भार टाकायचा आणि मागून दोषही त्यालाच द्यायचा, हेही नीतीला धरून नाही. जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथून उद्या निघणाऱ्या तरुण डॉक्टरांना विचारण्याची सवय लागावी असं वाटत असेल, तर आपल्यालाही विचारते रोगी व्हावं लागेल.

म्हणून जाता जाता चार प्रश्न सांगतो. कोणत्याही मोठ्या उपचाराआधी ते रोग्याने स्वतः विचारावेत. त्याला जमत नसेल तर सोबतच्या माणसाने त्याच्यादेखत विचारावेत. एक, मला नेमकं झालं आहे काय? दोन, हा उपाय केला नाही तर काय होईल? तीन, याहून साधा उपाय आहे का? आणि चार, खर्च किती, धोका कोणता, आणि विचार करायला मला किती वेळ आहे? यांत उद्धटपणा काही नाही. चांगल्या डॉक्टरला असे प्रश्न आवडतात. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हाही आपला हक्क आहे. आपले उपचाराचे कागद मागितले तर ते बहात्तर तासांच्या आत द्यावेत असा डॉक्टरांसाठी २००२ सालापासून नियम आहे. आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावण्याचं बंधन महाराष्ट्रात २०२१ सालापासून खाजगी दवाखान्यांवरही आहे. पुढच्या वेळी गेलात की ती भिंतीवर शोधा.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक खास विनंती आहे. गावात छापील कागद आला की तो वाचायला लोक तुमच्याकडेच येतात. हे चार प्रश्न सातवी-आठवीच्या मुलांना एकदा वहीत उतरवून द्या. आजीबरोबर दवाखान्यात जाणारं ते पोर उद्या आजीच्या वतीने प्रश्न विचारील. आणि संमतीचा कागद तुम्ही वाचून दाखवाल, तेव्हा तो कुणाच्या हातात आहे हे पाहू नका. देह कुणाचा आहे ते पाहा, आणि त्या माणसाकडे तोंड करून वाचा. माझी झाली ती चूक तुमची होऊ नये.

त्या बाकावरच्या बाईंचं पुढे काय झालं, ते सांगतो आणि पुरं करतो. मी खुर्ची वळवली आणि तो कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून त्यांना वाचून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला. धोक्यांविषयी त्या काही बोलल्या नाहीत. एकच गोष्ट त्यांनी विचारली, "हे झाल्यावर किती दिस हंडा उचलायचा न्हाई?" त्या इंग्रजी कागदात याचं उत्तर नव्हतं. मलाही ते ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही परिचारिकेला बोलावलं. ती म्हणाली, "किमान सहा आठवडे जड काही उचलायचं नाही." बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो थोडा वेळ खाली बघत राहिला, मग म्हणाला, "भरीन की मी पाणी."

तेव्हा बाईंनी माझ्या हातातला पेन मागितला, आणि एकेक अक्षर जुळवत स्वतःची सही केली.